क्लच जड लागतोय

५ ऑक्टो.
क्लच जड. बरेच दिवस जाणवतंय, आज हद्द झाली. स्वारगेटच्या सिग्नलला पहिल्या गिअरमध्ये क्लच दाबून उभी, आणि स्कूटर आपली पुढे सरकतेय. दाबलेला क्लच, तरी पुढे. झेब्रा ओलांडून थेट पोलीसबाईंच्या बुटापाशी. बाई कसली, आमच्या अदितीपेक्षा लहान असेल. म्हणे, "आजी, खाली उतरा. झेपत नाही तर चालवता कशाला?"
आजी! माझ्या मुलीला मूल नाही, मी कुणाची आजी नाही. तसं सांगितलं. तर, "बरं काकू, मागे घ्या."
मागे घेतली. या पिढीने क्लच बघितलेला नाही. मूठ पिळली की गाडी चालली. त्याला चालवणं म्हणत नाहीत, त्याला नेलं जाणं म्हणतात.

७ ऑक्टो.
शुक्रवार पेठेत नंदूच्या गॅरेजला. याच्या वडिलांपासून माझी स्कूटर तिथेच जाते. वडील गाडीकडे बघायचे, नंदू फोनकडे बघतो. एका कानाने मी, दुसऱ्या कानाने कुणीतरी कात्रजचा.
"काकू, वायर सुकलीये. नवीन टाकतो."
टाकली. स्वतः मंडईपर्यंत चक्कर मारून आला. "लोणी आहे, काकू. लोणी."
मी बसले. लोणी कसलं, वरवंटा. त्याला म्हटलं, तर, "नवी वायर आहे, दोन दिवसांत मोकळी होईल."
फोनवरच्या माणसालाही तेच सांगत होता बहुतेक.

९ ऑक्टो.
मोकळी झालेली नाही. न्यूट्रल लागत नाही, दुसऱ्यातून पहिल्यात येताना गिअरची मूठ फिरवायला जोर काढावा लागतो. मंडईत दोनदा बंद पडली. कोथिंबीरवाला हसला. त्याची कोथिंबीर पिवळी होती. परत ठेवली.
घरी आल्यावर यांनी चहा दिला नि म्हणाले, "मीना, एकदा दुसऱ्या कुणाला चालवून बघायला सांग ना."
"कुणाला? तुम्हाला?"
चहात साखर ढवळत बसले. कॉलेजात असताना सायकलवरून पडले, तेव्हा दोन चाकांवर माणसाने विश्वास ठेवू नये असा निष्कर्ष काढला, आणि मग जन्मभर माझ्यामागे मांडीवर पिशवी घेऊन बसले. रसायनशास्त्राचे प्राध्यापक. प्रयोगाविषयी दुसऱ्यांना सांगणारे.

१२ ऑक्टो.
लिंबाच्या लोणच्याची बरणी उघडेना. हल्लीची झाकणं. माल कमी देतात, झाकण मात्र असं की आत सोनं आहे. शेवटी यांच्याकडे दिली. उघडली, आणि जगज्जेत्यासारखं तोंड करून परत दिली.

१५ ऑक्टो.
पुन्हा नंदू. आता म्हणतो, क्लचच्या प्लेटा गेल्यात. खोललं. जुन्या प्लेटा हातात धरून स्वतःच म्हणाला, "तशा बऱ्या आहेत, पण तुमचं समाधान होत नाही ना, बदलू." माझं समाधान! मी काय नवस फेडायला आलेय?
नव्या प्लेटा, नवं ऑइल, लिव्हरच्या खिळीला ग्रीस. परत चक्कर मारून आला. परत लोणी.
मी म्हटलं, "नंदू, तुझ्या हाताला काही कळतं का?"
म्हणाला, "काकू, तुम्ही वय..." आणि थांबला. थांबला ते बरं केलं.

१६ ऑक्टो.
जडच आहे.

१८ ऑक्टो.
अदितीचा फोन. ती हिंजवडीच्या ऑफिसातून घरी जाताना बसमध्ये बसून फोन करते, म्हणजे दोन्हीकडून वेळ वाया. "आई, विकून टाक ना ती. इलेक्ट्रिक घे. क्लचच नाही, नो टेन्शन."
क्लच नाही म्हणजे चांगलं, असं या लोकांना वाटतं. इंजिन आणि चाक यांच्यामध्ये आपला हात असतो, आपण सोडू तेवढंच जातं. हे सांगायला सुरुवात केली, तर, "आई, नेटवर्क जातंय."
नंतर मेसेज. हडपसरच्या पुढे मांजरी गावात कुणी बापू आहे, फक्त जुन्या स्कूटरी करतो, सगळे हौशी लोक तिथे जातात. व्हिडिओ पाठवलाय. बापू गॉगल घालून स्कूटरभोवती फिरतो. बघितला. तरी जाणार आहे. नंदूचं तोंड बघण्यापेक्षा गॉगल बरा.

२१ ऑक्टो.
मांजरी. उसाच्या शेताला लागून बिल्डिंगा, बिल्डिंगांना लागून बापूचं पत्र्याचं शेड. आत माझ्याच वयाच्या स्कूटरींना गुलाबी, पिस्ता असे रंग फासून उभं केलंय. म्हाताऱ्या बायकांना लग्नात नटवतात तशा.
बापूने लिव्हर दाबली, सोडली, दाबली. "बाई, कलच एकदम ओके हाय. कुणी सांगितलं खराब हाय म्हून?"
"मी सांगितलं."
"मंग तुमाला हलका पायजे का?"
हो म्हटलं. हलका पाहिजे. त्याचा जीव भांड्यात पडला, कारण विकायला काहीतरी सापडलं. कमी ताकदीच्या स्प्रिंगा टाकतो म्हणाला, पुण्यातल्या मोठमोठ्या लोकांना टाकून दिल्यात. मोठी माणसं कोण ते सांगेना. शिवाय पुढे निळा दिवा लावू का विचारलं. नको म्हटलं. हॉर्न? नको. मग स्कूटरसोबत माझा फोटो काढला. व्हिडिओत टाकणार म्हणे. टाक.
येताना क्लच हलका! खरंच हलका. हडपसरपर्यंत गाणं म्हणत आले. नंदूला गाढव म्हणायचं राहून गेलं होतं, ते मनात म्हणून घेतलं.

२५ ऑक्टो.
हलका आहे. पण.
सकाळी यांना घेऊन तळजाईला निघाले. चढ सुरू झाला, तिसऱ्यातून दुसऱ्यात आणली, रेस दिली. इंजिन बोंबलतंय, गाडी जागची हलत नाही. क्लच स्लिप. हलक्या स्प्रिंगा प्लेटा धरूनच ठेवत नाहीत, दुसरं काय होणार. हे म्हणाले, "मी उतरतो." उतरले, टोपी नीट केली, चालत निघाले. आणि माझ्याआधी वर पोचले. वर बाकावर बसून मला हात केला. हात!
तिथे बायकांचा हास्यक्लब चालू होता. त्या तशाही हसतच होत्या.

२७ ऑक्टो.
बापूला फोन. "बाई, चढाला न्यू नका तिला." पुण्यात राहून चढाला नेऊ नका! मग स्कूटर घरात ठेवून तिला दूध घालते.

२९ ऑक्टो.
नंदूने जुन्या स्प्रिंगा परत बसवल्या. ("कुठल्या येड्याने या टाकल्या?" मी नाव सांगितलं नाही. व्हिडिओत माझा फोटो आहे.) गाडी चढ चढते. क्लच जड.
म्हणजे असं: दाबता येतो तेव्हा गाडी ओढत नाही, गाडी ओढते तेव्हा दाबता येत नाही. एवढ्या मोठ्या शहरात याच्यामधलं काही कुणाला जमत नाही.

४ नोव्हें.
फराळ. चकल्या तुटल्या. सोऱ्या गंजलाय, फिरतच नाही. भाजणीही यंदा बरोबर दळली नव्हती, गिरणीवाल्याचं लक्ष नसतं. शेवटी यांनी सोऱ्या फिरवला, मी खाली ताटली फिरवली. यांनी चकलीऐवजी इंग्रजी एस काढले. खाताना म्हणाले, चव तीच आहे. चवीबद्दल कुणी विचारलं होतं?

१० नोव्हें. पाडवा.
अदिती आली. जेवणं झाली. खाली पार्किंगमध्ये स्कूटरवर बसून फोटो काढायचे होते तिला. साडी, गजरा, जुनी स्कूटर, हल्ली असलंच चालतं. ही पोरगी कॉलेजात असताना मी तिला स्कूटर शिकवायला गेले होते, तेव्हा रडली होती. आज बसली, उजव्या हाताने केस सावरतेय आणि डाव्या हाताने सहज, बोलता बोलता, क्लच दाबतेय. दोन बोटांनी. नखांना रंग लावलेली दोन बोटं. लिव्हर पार मुठीला टेकत होती. सोडत होती, परत टेकवत होती. मूठ फिरवली, पहिला, दुसरा, परत न्यूट्रल. कट कट कट.
"आई, काय स्मूथ आहे गं! तू उगाच नंदूला शिव्या घालतेस."
हे फोन धरून उभे होते. फोटो काढायचे थांबले. माझ्याकडे बघितलं.
मी म्हटलं, "गाडी बंद असताना हलकाच लागतो." असं काही नसतं. अदितीला कळलं नाही. यांना कळलं असेल, म्हणून वर जाऊन बासुंदी गरम करत बसले.

ती गेल्यावर खाली गेले. पार्किंगमध्ये कुणी नव्हतं. डाव्या हाताने दाबला. अर्ध्यात थांबतो. जोर काढला, तरी तिथेच. मग उजवा हात आडवा नेऊन डावीकडची लिव्हर दाबली.
लोणी.

११ नोव्हें.
नंदू बरोबर होता. बापूही. दोघं एकाच वेळी बरोबर असू शकतात हे पचायला जड आहे.

१३ नोव्हें.
डावा हात नीट बघितला. दोन्ही हात टेबलावर उताणे ठेवून. अंगठ्याखालचा गोळा डावीकडे बसलाय, खड्डा पडल्यासारखा. कधी पडला? रोज बांगड्या चढवते, घड्याळ बांधते, कधी दिसलं नाही. आयुष्यभर याला तेल लावलं, मेंदी लावली, टेलिफोन एक्स्चेंजच्या नोकरीत बोर्डवर सगळ्या पुण्याच्या पिना याने टोचल्या. आणि आता न सांगता कामावर यायचं बंद. रजेचा अर्जसुद्धा नाही.
कुणाला सांगायचं नाही. सिग्नलला लांबूनच न्यूट्रल करायची, म्हणजे दाबून धरावा लागत नाही. हात माझा आहे, ऐकेल.

१६ नोव्हें.
ऐकला नाही.
लक्ष्मी रोडच्या कोपऱ्यावर एक गृहस्थ रस्ता ओलांडत होते. माझ्याहून थोडे मोठे असतील, हातात औषधांची पिशवी. मी थांबले, न्यूट्रल लागलं नाही, क्लच धरून ठेवला. धरला, धरला, आणि सुटला. सुटला म्हणजे मी सोडला नाही. बोटं आपोआप उघडली. स्कूटरने उडी मारली आणि चाक त्यांच्या गुडघ्याला लागलं. ते खाली बसले. पडले नाहीत, बसले, जेवायला बसावं तसे, भर रस्त्यात.
लोक जमले. गृहस्थांनी वर बघितलं आणि म्हणाले, "बाई, मारायचंच होतं तर जरा जोरात तरी मारायचं. अर्धवट काम कशाला?"
पुण्यात जन्म काढला, समोरच्याचं वाक्य संपायच्या आत उत्तर तयार असायचं. आज तोंड उघडं, आत काही नाही.
कुणीतरी त्यांना उठवलं. गुडघा बरा होता, चपलेचा अंगठा तुटला होता. दवाखान्यात चला म्हटलं. "तुमच्या गाडीवरून? नको, आहे तो गुडघा ठीक आहे." रिक्षात बसवून दिलं. नाव विचारायचं राहिलं.
स्कूटर घरापर्यंत ढकलत आणली. किक मारलीच नाही.
यांनी दार उघडलं. ढकलून घामाघूम, पदर सुटलेला. यांना सांगितलं. सगळं. क्लच ठीक आहे, हात ठीक नाही.
म्हणाले, "मला वाटलंच होतं. सप्टेंबरपासून तू बरण्या माझ्याकडे उघडायला देतेस. आधी कधी दिल्या नव्हत्यास."
"मग बोलला का नाहीत?"
बराच वेळ चष्मा पुसला. "मला बरं वाटत होतं."
बरं वाटत होतं! बायकोचा हात वाळतोय आणि या माणसाला बरण्या उघडायला मिळतात म्हणून बरं वाटत होतं. ओरडले. मग रडले. ते लिहायचं नव्हतं, लिहिलं गेलं.

१९ नोव्हें.
डॉक्टर. पोरगेलासा. हात दाबून बघितला, बोटं पसरा म्हणाला, कागद धरा, मी ओढतो. कागद सहज निघून गेला. उजव्या हातातून काढताना त्याला ओढाताण करावी लागली, तेवढंच समाधान.
मी विचारलं, "वायर गेलीय की प्लेटा?"
हे म्हणाले, "मीना!" पण डॉक्टरला कळलं. त्याच्या मामांकडे होती म्हणे तसली स्कूटर. मनगटात नस दबली असेल तर सोपं आहे, मोकळी करता येते. मानेत असेल तर जरा लांबचं काम. आणि तिसरंही काही असू शकतं, त्याच्याविषयी आत्ता बोलायला नको, आधी नसांची तपासणी करू.
तिसरं काय, विचारलं. आत्ता नको म्हणाला. मेकॅनिकसारखाच. खोलल्याशिवाय सांगता येत नाही.
दुसऱ्या हाताने क्लच दाबायची सोय करता येते का? यावर मात्र हसला. मी विनोद केला नव्हता.

२१ नोव्हें.
हे म्हणतात, मी शिकतो.
"काय?"
"स्कूटर."
मला वाटलं गंमत. नाही. ऑनलाइन परीक्षा देऊन शिकाऊ लायसन्स काढलंसुद्धा, मला न सांगता. एकही उत्तर चुकलं नाही. कागदावर हे कुणालाही हरवतील.

२४ नोव्हें.
सोसायटीमागच्या मोकळ्या रस्त्यावर पहिला धडा. पुढे लाल रंगात एल लिहिलेला कागद चिकटवलाय, अक्षर यांचं, अगदी फळ्यावरचं.
क्लच सोडला. एकदम. स्कूटर नाचली, बंद. परत. नाचली, बंद.
"अहो, हळू. हळू म्हणजे तुम्ही चहा ओतता तसं नाही, त्याहून हळू."
"सैद्धांतिकदृष्ट्या कळलंय मला."
"स्कूटरला सिद्धांत कळत नाहीत."
वॉचमन खुर्ची घेऊन बघायला बसला. त्याला काम नाही दुसरं.

२६ नोव्हें.
आज पहिल्यात कोपऱ्यापर्यंत. दुसरा टाकताना न्यूट्रल. पाय अजून दोन्हीकडे लोंबकळत ठेवतात, बदकासारखे. त्यांना सांगितलं. म्हणाले, "बदक पडत नाही." बुद्धी ही अशी, नको तिथे चालते.
नंदूला काही सांगितलेलं नाही. सांगणारही नाही. त्याचा फोन येऊन गेला, "काकू, क्लच कसा आहे?" बरा आहे म्हटलं.

२८ नोव्हें.
वळता येतं यांना. उजवीकडे वळताना जीभ बाहेर काढतात. रविवारी अदिती येते म्हणाली, बाबांचा व्हिडिओ काढायला. तिला हाताबद्दल अजून सांगितलेलं नाही. हे म्हणतात सांगू. मी म्हटलं, रिपोर्ट येऊ दे, उगाच बसमध्ये बसून रडेल.

१ डिसें.
तपासणी. रिक्षाने जाऊ म्हटलं. नाही, हे नेणार. मी मागे. लग्नानंतर आज पहिल्यांदा मी मागे.
ते लोक हाताला तारा लावतात, बारीक सुई खुपसून बघतात, मशीनवर कर्र कर्र आवाज येतो. नेटवर्क गेल्यासारखा. आत बसलेल्या बाई काही सांगत नाहीत, नुसतं "सोडा, आता दाबा, सोडा" म्हणतात. मी दाबत होते. त्या लिहीत होत्या. चेहरा असा की त्यावरून काही वाचता येऊ नये. शिकवत असतील त्यांना. रिपोर्ट डॉक्टरांकडे जाईल, गुरुवारी.
येताना स्वारगेटला गर्दी. सिग्नल हिरवा झाला आणि यांनी बंद पाडली. मागून हॉर्न. एका पोराने ओरडून विचारलं, "काका, ढकलायला येऊ का?" मी वळून म्हटलं, "आधी स्वतःचं हेल्मेट घाल, मग समाजसेवा कर." हे खाली बघून न्यूट्रल शोधत होते. सापडलं. किक मारली, पहिला टाकला, आणि हळूहळू, माझ्या अपेक्षेपेक्षा पुष्कळच हळू, क्लच सोडला. निघालो. तिसरा टाकलाच नाही, घरापर्यंत दुसऱ्यात. इंजिन बोंबलत होतं. सायकलवाले पुढे जात होते. मी एक अक्षर बोलले नाही. हे दोनदा म्हणाले, "मीना, आहेस ना?"
मागे बसलं की हात कुठे ठेवायचे असतात ते मला ठाऊक नव्हतं. यांच्यासारखी मांडीवर पिशवी धरून बसायची माझी तयारी नाही. सिंहगड रोडच्या वळणावर यांचा शर्ट धरला, डाव्या हाताने. धरला होता की नुसता ठेवला होता, ते मला सांगता येणार नाही. उतरल्यावर यांना विचारायचं होतं, जाणवलं का म्हणून.
विचारलं नाही.